सायकलवरचे बिऱ्हाड : मागे पडणाऱ्याची गती आणि आपले प्रवासवर्णन

महाभारताचे सतरावे पर्व हे आपल्या परंपरेतील सर्वांत जुने कौटुंबिक प्रवासवर्णन म्हणून वाचता येते. महाप्रस्थानिक पर्व अगदी लहान आहे. पाच भाऊ, त्यांची पत्नी आणि मागे लागलेला एक कुत्रा असे सात जीव घर सोडून निघतात. पृथ्वीप्रदक्षिणा करून उत्तरेला वळतात, हिमवंत ओलांडतात, आणि पलीकडे त्यांना वाळूचा समुद्र दिसतो. मुळात शब्द ‘वालुकार्णव’ असा आहे. त्याच्याही पुढे मेरू. बर्फाच्या डोंगरांमागे वाळू आणि वाळूमागे पुन्हा डोंगर, हे वर्णन लडाखचा रस्ता पाहिलेल्या वाचकाला ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही.

या मुलखातच ते कुटुंब फुटते. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो, युधिष्ठिर पडलेल्याचा दोष सांगतो आणि मागे वळून न पाहता चालत राहतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील (१९६७) ‘द्रौपदी’ या लेखाच्या शेवटी नेमका हाच प्रसंग हातात घेतला. पडलेली द्रौपदी लगेच मरत नाही, तिला विचार करायला अवधी मिळतो, भीम तिच्यापाशी येतो, असे काही क्षण त्यांनी मूळ कथेत भरले आणि ते आपले कल्पित आहे हेही लपवले नाही. व्यासांचा कथक पुढे जाणाऱ्याबरोबर जातो. इरावतीबाई मागे पडलेलीजवळ थांबतात. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला कुणाबरोबर चालायचे हे ठरवावे लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

हा प्रश्न आज नव्याने विचारण्याचे कारण सायकल आहे. गेल्या दीड-दोन दशकांत मराठी मध्यमवर्गात लांब पल्ल्याची सायकलिंग चांगलीच रुजली. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडून आणि आमच्या नागपूर-वर्ध्याकडूनही मनालीला जाऊन तिथून लेहकडे सायकल मारणारे निघतात. नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्याही त्यांत असतात. परतल्यावर त्यांतले पुष्कळजण लिहितात. हे लेखन आपण बहुधा धाडसाचे लेखन म्हणून वाचतो आणि चढ किती, उंची किती, दिवस किती यांवर त्याचे मोल ठरवतो. मला असे वाटते की कुटुंबाच्या प्रवासाला ही मापे लागू पडत नाहीत. कुटुंबातले सर्वांत मंद चाक कुणाचे होते आणि लेखणी त्याच्याबरोबर राहिली की पुढे निघून गेली, हे पाहिले तरच अशा लेखनाची परीक्षा होते. प्रस्तुत लेखात ही कसोटी काही इंग्रजी सायकलग्रंथांना आणि काही मराठी प्रवासकथनांना लावून पाहायची आहे.

दोघांचे ‘आम्ही’

वाळवंटी डोंगरातून सायकलने गेलेल्या जोडप्याच्या पुस्तकांत आरंभीचे महत्त्वाचे नाव ‘अल्जेरियन मेमरीज’ हे आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन पती-पत्नींनी उत्तर आफ्रिकेतला ॲटलास पर्वत ओलांडून सहारापर्यंत सायकल नेली आणि १८९५ साली हे पुस्तक काढले. पुढे ते हिंदुस्थानात आले. इथल्या सायकलप्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९०४ साली निघाले आणि चौदा हजार मैल हा आकडा त्याच्या उपशीर्षकातच आहे. नंतर दोघे काराकोरमकडे वळले. १९१२ साली सियाचीनच्या परिसरात स्त्रियांना मताधिकार द्या असे लिहिलेला फलक हातात धरून फॅनीबाईंनी काढून घेतलेले छायाचित्र प्रसिद्धच आहे.

स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने या जोडप्याचे मोल मोठे आहे. ज्या काळात बाईने सायकलवर बसावे की नाही यावर वाद होत, त्या काळात ही बाई रेताड घाट चढत होती. मात्र या घरात दोन मुलेही होती. १८८४ची मुलगी रॅशेल आणि १८८९चा मुलगा सीगफ्रिड. आईवडील हिंडत असताना मुले दायांकडे आणि शाळांत राहत. सीगफ्रिड १८९३ साली गेला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत हे पहिले सायकलपुस्तक आले. मुलाच्या मृत्यूचा आणि त्या भटकंतीचा संबंध जोडण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. शैलीपुरते मात्र बोलता येते. दोघांचा मिळून असलेला तो ‘आम्ही’ सतत पुढे जाणारा आहे, आणि त्याला पुढे जाता येते कारण त्याच्यामागे कुणी रेंगाळत नाही. घराचा मंद भाग प्रवासाच्या आधीच वगळलेला आहे.

आपल्याकडच्या मुंबईतून निघालेली तुकडी हे दुसरे उदाहरण. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, मेसोपोटेमिया, सिनाई अशी त्यांची सुरुवातच उघड्या डोंगरांतून आणि वाळूतून झाली. मार्च १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले ते तिघे : अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. सुमारे ७१ हजार किलोमीटरचा हा प्रवास १९३१ साली ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ या नावाने ग्रंथरूप झाला आणि त्याला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. सहांपैकी एक तेहरानहून मागे फिरला, एक अमेरिकेत राहिला. महाप्रस्थानाशी साम्य नजरेत भरते. सहा निघाले, तीन पोचले, आणि पुस्तक पोचलेल्यांनी लिहिले. तेहरानहून एकट्याने परतणाऱ्याचा प्रवास कसा झाला असेल, हे जाणून घ्यायला आज मला अधिक आवडेल. विजयाच्या कथनात त्याला जागा मिळणे अवघड असते.

तिसरे उदाहरण आयरिश लेखिका डेर्व्हला मर्फी यांचे. यात एकाच लेखिकेची दोन रूपे शेजारी ठेवून पाहता येतात. दहाव्या वाढदिवसाला त्यांना सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले, तेव्हाच सायकलवरून हिंदुस्थानला जायचे असे त्यांनी मनाशी ठरवले. ते घडायला १९६३ साल उजाडले, कारण मधली अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेत गेली. आई वारल्यावरच त्या निघू शकल्या. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत दिल्लीला पोचल्या, आणि १९६५ साली ‘फुल टिल्ट’ आले. सुसाट हा त्या नावाचा भाव आहे. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गतीने जगलेल्या बाईने अखेर स्वतःची गती मिळवली, याचा आनंद त्या पुस्तकात भरून आहे. एकटेपणाचे समर्थन इतक्या सच्चेपणाने करणारे पुस्तक वाचल्यावर कुटुंबाची बाजू मांडणाऱ्याला जपूनच बोलावे लागते.

दहा-अकरा वर्षांनी याच लेखिका १९७४-७५च्या हिवाळ्यात बाल्टिस्तानात गेल्या तेव्हा बरोबर सहा वर्षांची मुलगी होती. ‘व्हेअर द इंडस इज यंग’ (१९७७) हे त्या प्रवासाचे पुस्तक. प्रदेश तोच, सिंधूच्या वरच्या खोऱ्यातला उजाड, गोठलेला डोंगराळ मुलूख. या वेळी सायकल मात्र नाही. एक तट्टू विकत घेतले जाते, मुलगी त्यावर बसते, आई पायी चालते. गती तट्टाची, आणि तट्टाची गती त्याच्या वैरणीवर अवलंबून. त्यामुळे पुस्तकाचा विषयच पालटतो. वैरण कुठे मिळेल, चूल कोण पेटवू देईल, पोरीचे हात किती गारठले आहेत, तिला आज कशाची गंमत वाटली. ‘फुल टिल्ट’मधली वाळू आणि दगड ओलांडायचे होते. इथे त्यांत मुक्काम करायचा आहे. दोन्ही पुस्तके मला प्रिय आहेत, पण बाल्टिस्तानची माणसे घरासकट कळतात ती दुसऱ्यात. मूल बरोबर असले की दारे उघडतात, आणि लेखणीला आत जावेच लागते.

१९०७ सालची दोन पुस्तके

मराठीकडे वळताना एक योगायोग नोंदवायला हवा. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी छापून प्रसिद्ध केला तो १९०७ साली, आणि पंडिता रमाबाईंचे आत्मनिवेदनही १९०७चेच. सायकल दोन्हींत नाही. तरीही कुटुंबाची गती कशी लिहायची याचे धडे माझ्या मते या दोन पुस्तकांत आहेत.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज झाले म्हणून ते १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे दक्षिणा मिळवायला निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळवले ते वाटेत लुटले गेले. आपण हे पुस्तक झाशीच्या राणीसाठी आणि सत्तावनच्या साक्षीसाठी वाचतो. प्रवासवर्णन म्हणून वाचताना माझे लक्ष शेवटच्या ओझ्याकडे जाते. आईवडिलांना गंगास्नान घडावे म्हणून हा माणूस गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन परत येतो. वडीलधारी माणसे इतका प्रवास करू शकत नाहीत, तेव्हा नदीच त्यांच्याकडे आणायची. घरात मागे राहिलेल्यांच्या गतीचा इतका ठोस हिशेब ‘अल्जेरियन मेमरीज’मध्ये मिळणार नाही. कावड सांभाळणाऱ्याला धावता येत नाही. पाणी सांडणार नाही इतक्याच वेगाने चालावे लागते.

रमाबाईंचे प्रकरण याहून गंभीर आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे सगळे कुटुंबच वर्षानुवर्षे तीर्थयात्रेत होते. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगर उतरवला गेला, आणि तिथून हे फिरते घर सुरू झाले. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे, पुढच्या क्षेत्राला निघायचे. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईला नेताना खांदेकरी मिळेनात. चौथ्या खांदेकरी स्वतः रमाबाई होत्या, आणि उंची कमी पडते म्हणून त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला. उरलेले भाऊ-बहीण उत्तरेकडे चालत राहिले, काश्मीरपर्यंत गेले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. स्वतः रमाबाई ही पायपीट चार हजार मैलांची सांगतात.

या प्रवासातला एक प्रसंग झेलमच्या काठचा आहे. थंडी कडक, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, निवारा नाही. भाऊ-बहीण वाळूत खड्डे खणतात, त्यांत उतरतात, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतात. रमाबाई त्या खड्ड्यांना थडग्यांची उपमा देतात. डोंगरातून आलेली थंडी आणि नदीकाठची वाळू एवढ्यात त्या दोघांचे घर होते. आजचा साहसी लेखक हा प्रसंग चार पाने रंगवील. रमाबाई थोडक्यात आटोपतात, आणि त्यामुळेच तो वाचकाच्या अंगावर येतो. आपण टिकलो हे त्या पराक्रम म्हणून सांगत नाहीत. जे टिकले नाहीत त्यांची नावे वाक्यांत अजून चालत असतात. युधिष्ठिराने प्रत्येक पडलेल्याचा दोष सांगितला होता. रमाबाई कुणाचाही दोष सांगत नाहीत, उलट उपाशी कुटुंबाला केवळ व्रतांवर आणि दानांवर विसंबायला लावणाऱ्या समजुतींनाच जाब विचारतात.

त्यांच्यानंतर काही वर्षांनी, १९१२ साली, काकासाहेब कालेलकर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्याबरोबर हिमालयात पायी फिरले. साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे आमच्या वर्ध्यात राहिलेले काकासाहेब गुजरातीतून लिहीत, म्हणून ‘हिमालयातील प्रवास’ मराठीत मागाहून आला. निसर्गाचे इतके सुसंस्कृत वर्णन आपल्याकडे थोडे. तरीही तो संसार मागे ठेवून गेलेल्या विरक्तांचा प्रवास आहे. त्यातली शांतता हलक्या पाठीची आहे. रमाबाईंची पाठ तशी हलकी नव्हती. दोन्हींची योग्यता वेगळी आहे, पण आपल्या प्रवासवर्णनाने वारसा घेतला तो मुख्यतः काकासाहेबांच्या वाटेचा. डोंगर आला की एकटे व्हायचे आणि अंतर्मुख व्हायचे, ही रीत पडून गेली.

रस्त्याचे शास्त्र आणि सावंगीचा जिना

आता प्रत्यक्ष सायकलीचा रस्ता पाहू. मनालीहून रोहतांगमार्गे लेह पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोहतांग ३,९७८ मीटर, पुढे बारालाचा ला ४,८०० मीटरच्या वर, मग एकवीस वळणांचे गाटा लूप्स, लाचुंग ला पाच हजारांच्या पुढे, आणि तांगलांग ला सुमारे ५,३०० मीटरवर. लेहच्या पुढचा खारदुंग ला ५,३५९ मीटर आहे, जरी तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट असा फुगवलेला आकडा होता. लेहला वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर्ध्याला त्याच्या दसपट. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर, काळ्या मातीत आणि कपाशीत वाढलेले आमच्याकडचे सायकलस्वार तिथे जातात तेव्हा पायांचा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न श्वासाचा. पाच हजार तीनशे मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्यावर येतो.

म्हणून उंचीवरच्या वैद्यकाने एक साधा नियम घालून दिला आहे. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. केलाँगपासून सरचूपर्यंत मुक्कामाची उंची हजाराहून अधिक मीटरने वाढते. म्हणजे तिथे मध्ये थांबणे आले. हा नियम सरासरी माणसासाठी पाळून भागत नाही. तुकडीत ज्याला सर्वांत आधी त्रास होतो, त्याच्यासाठी सर्वांना पाळावा लागतो. लहान मुलाला तर डोके दुखते हे सांगताही येत नाही. ते कुरकुरते, जेवत नाही, झोपत नाही. आईबापांनी त्यावरून ओळखायचे आणि सायकली खाली वळवायच्या. साहित्यातली जी कसोटी मी मांडते आहे, ती या रस्त्यावर जीव वाचवण्याची रीत आहे.

सायकलीचे यंत्रही याला दुजोरा देते. सपाटीवर चांगला स्वार आणि नवशिका यांच्यात मोठे अंतर पडते. सामान लादून घाट चढताना मात्र सर्वांत हलक्या गिअरवर ताशी पाच-सहा किलोमीटरचा वेग उरतो, म्हणजे पायी चालण्यापेक्षा थोडा जास्त. खिंडीच्या शेवटच्या टप्प्यात कित्येकजण उतरून सायकल ढकलतात. वाळवंटी डोंगरात सायकल पुन्हा पायपीट होते. म्हणूनच सायकलप्रवासाला गोडसे भटजी आणि रमाबाई यांच्या पंगतीत बसवणे मला ओढूनताणून केलेले वाटत नाही.

मी सावंगी (मेघे) येथे राहते. वर्ध्याला लागून असलेले हे गाव आज आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासाठी ओळखले जाते. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडून इथे माणसे येतात ती एकेकटी येत नाहीत, कुटुंबाने येतात. एकाच्या हातात रिपोर्टांची पिशवी, एकीच्या काखेत चादर, कुणाकडे डबा, आणि मध्ये ते एक माणूस ज्याच्यासाठी सगळे निघालेले असतात. जिन्यापाशी आजी दम घ्यायला थांबली की सहाही माणसे थांबतात. कुणी घड्याळ पाहत नाही असे नाही, पण पुढे कुणी जात नाही. रोज हे पाहणाऱ्याला सायकलवरच्या कुटुंबाची पुस्तके वाचताना प्रश्न पडतो : यांच्यात आजी कोण होती, आणि ती थांबली तेव्हा लिहिणारा कुठे होता?

पाठीमागची गाडी

मराठी माणसांच्या सायकलपराक्रमांत कुटुंब नाही असे मुळीच नाही. ते दिसत नाही, एवढेच. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघते, मोहावे आणि ॲरिझोनाचे वाळवंट, मग कोलोराडोचे डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्याला जाते. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती मुदतीत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याच्या गटात पूर्ण केली. २०१९ साली नवी मुंबईचे कबीर रचुरे यांनी, आणि त्यांच्या सहायक चमूचे नेतृत्व त्यांची बहीण सपना हिने केले.

या शर्यतीत रात्री स्वाराच्या मागे गाडी चालावीच लागते. तिच्या दिव्यांत तो रस्ता पाहतो. त्या गाडीत झोप न घेता बसलेली माणसे पाणी, अन्न, कपडे आणि वेळ यांचा हिशेब ठेवतात. इथे महाप्रस्थान उलटे झालेले आहे. मागे असलेला तो पडलेला नाही, त्याच्यामुळे पुढचा पडत नाही. पण वृत्तपत्रांत छायाचित्र येते ते सायकलचे. मागच्या काचेतून दिसलेली शर्यत, म्हणजे भावाची पाठ रात्रभर पाहणाऱ्या बहिणीने सांगितलेले वाळवंट, हे मराठीत लिहिले जावे असे पुस्तक आहे.

याउलट एक प्रवृत्ती मला चिंतेची वाटते. मुलांना ‘सर्वांत लहान’ ठरवण्याची हौस वाढते आहे. सर्वांत लहान वयात अमुक खिंड, तमुक इतके किलोमीटर. अशा प्रवासाच्या वर्णनात मूल असते, पण त्याची गती नसते. विक्रमाला मुक्काम परवडत नाही. मुलाने आज पुढे जायला नकार दिला, असे वाक्य त्या वर्णनात येत नाही, आणि ज्या कौटुंबिक प्रवासवर्णनात असे वाक्य एकदाही येत नाही त्यावर विश्वास ठेवणे मला जड जाते.

‘आम्ही’ आणि ‘आपण’

इथे भाषेचा मुद्दा येतो. इंग्रजीत जो एक शब्द आहे त्याला मराठीत दोन आहेत. ‘आम्ही निघालो’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण निघू’ म्हणताना तो आत येतो. कुटुंबाच्या प्रवासवर्णनात हा फरक निर्णायक ठरतो. छापील पानावर वाचकाला उद्देशून ‘आम्ही’ येणारच. पण त्या ‘आम्ही’च्या आधी घरात ‘आपण’ झाले होते का? जायचे आपण ठरवले, की एकाने ठरवले आणि बाकीचे ‘आम्ही’मध्ये मोजले गेले?

पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे जोडप्याने केलेल्या प्रवासाचे मराठीतले सर्वांत लाडके पुस्तक. त्यातला विनोद सहप्रवासावरच उभा आहे, आणि तो निर्मळ आहे. त्याच संसाराची दुसरी बाजू सुनीताबाईंच्या ‘आहे मनोहर तरी’मधून (१९९०) आली तेव्हा मधे तीस वर्षे गेली होती. दोन्ही पुस्तके एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पण एकाच ‘आम्ही’मध्ये दोन वेगवेगळे वेग असू शकतात, हे दुसरे पुस्तक वाचल्यावर कळते. कुटुंबाचे प्रवासवर्णन एकाच हातचे असले की अर्धेच असते.

अमेरिकन लेखिका नॅन्सी साथ्रे-व्होगेल यांचे ‘चेंजिंग गिअर्स’ (२०१३) या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नवरा-बायको दोघेही शिक्षक, बरोबर जुळे मुलगे. २००८ साली अलास्काच्या उत्तर टोकाहून निघून २०११ साली हे चौघे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला पोचले, तेव्हा दहा वर्षांची मुले तेरांची झाली होती. या रस्त्यावर पेरूचे किनारी वाळवंट लागते, पुढे अँडीजच्या बाजूचा कोरडा मुलूख. पुस्तक आईचे आहे, आणि तिने स्वतःच्या शंका दडवलेल्या नाहीत. पण तीन वर्षांत मुले मोठी होत जातात, आणि लवकरच मंद चाक आईचे ठरते, ही खरी गोष्ट आहे. प्रवासात कुटुंबातला ‘मागचा’ बदलत राहतो. आज मूल, उद्या आई, परवा कदाचित बाप. त्या बदलाची नोंद ठेवणे हे अशा लेखनाचे सर्वांत मोठे काम आहे, आणि ती सर्वांना लिहिता आली तरच ठेवता येईल. एक पान आईचे, एक मुलीचे, एक थकलेल्या काकाचे असे मराठी सायकलपुस्तक कुणी काढले, तर ते ‘सर्वांत लहान’ किंवा ‘सर्वांत उंच’ यांपैकी काही असायची गरज पडणार नाही.

आमच्या जिल्ह्याने याचे एक मोठे उदाहरण आधीच दिले आहे. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने ‘भारत जोडो’ सायकलयात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी, पाच हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. मणक्याच्या दुखण्याने बाबांना धड बसताही येत नव्हते. ते गाडीत आडवे होऊन बरोबर गेले. त्या तांड्यातला सर्वांत अचल माणूस त्याचा पुढारी होता. रक्ताचे नाते नसलेले ते बिऱ्हाड होते, आणि त्याची गती पडून राहिलेल्या माणसाने ठरवली होती.

युधिष्ठिराबद्दल शेवटी एक म्हणायला हवे. त्याने भावांसाठी मागे पाहिले नाही, पण स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत यायला मात्र नकार दिला. म्हणजे थांबायचे असते हे त्याला ठाऊक होते, फक्त ते फार उशिरा आठवले. वाळवंटी डोंगरातून घरच्यांबरोबर सायकल चालवून आलेल्या मराठी लेखकांना ते आधीच्या खिंडीत आठवावे. किती उंच गेलो हे त्यांनी अवश्य सांगावे. पण कोणत्या वळणावर, कुणासाठी, किती वेळ थांबलो, आणि थांबलेले असताना काय दिसले, हे लिहिले तर ते लेखन रमाबाईंच्या वाळूच्या खड्ड्याशेजारी ठेवता येईल.